वॉचमनच्या केबिनमधलं क्रेट

पाटील काकू, बी-३०३: सगळ्यांना नमस्कार. केबिनमध्ये ठेवलेल्या द्राक्षांच्या क्रेटमधले दोन घड आमच्या ह्यांनी उभ्या उभ्या संपवले. शुगरचा रिपोर्ट येऊन आठ दिवस झालेत. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.१. अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे, मग "घ्या नाना, घ्या" कोण म्हणालं?

शेळके, ए-१०२: काकू, क्रेट माझं. मेव्हण्याच्या दिंडोरीच्या बागेतला शेवटचा माल, प्रेमानं आणला. नाना स्वतःच म्हणाले, "फळ आहे, चालतं."

पाटील काकू: असं ते उसाच्या रसालाही म्हणतात. ऊस म्हणे गवत आहे.

जोशी काका, ए-४०१: जांभळाच्या बियांची पूड, अर्धा चमचा, सकाळी अनशापोटी. माझ्या साडूच्या गोळ्या सुटल्या. 🙏

पगार, बी-२०१: क्रेट लिफ्टच्या तोंडाशी होतं त्याचं काय? सकाळी सिलिंडरवाला आडवा होऊन आत शिरला.

सेक्रेटरी: ग्रुप फक्त कामाच्या मेसेजसाठी आहे, कृपया.

पाटील काकू: नवऱ्याची शुगर हे काम नाही का? परवा तुमच्या नातवाचा केक इथेच फिरत होता.

सेक्रेटरी: तसं नाही म्हणालो, काकू. शुभेच्छा द्यायला हरकत नसते.

स्नेहल, बी-१०१: काकू, मी डाएटिशियन म्हणून सांगते, द्राक्षं बंद करू नका, क्रेट बंद करा. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १६ ग्रॅम साखर. नानांचे दोन घड म्हणजे अर्धा किलो सहज. एका वेळी दहा-बारा दाणे, वाटीत मोजून. पेरू, पपई, संत्रं त्याहून बरं. तेही एका वेळी एकच फळ, फ्रूटसॅलड नाही.

बागुल, ए-३०२: आणि वाइन? तीही आपल्या नाशिकच्या द्राक्षांचीच 😄

शेळके: बागुलभाऊ, आधी मेंटेनन्स भरा, मग वाइन.

बागुल: दोन महिन्यांचाच बाकी आहे. सगळ्यांसमोर काढायची गरज नव्हती.

स्नेहल: खरा घोटाळा पेयांचा आहे. ३०० मिली कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे सात-आठ चमचे. चहात घालून बघा, कोणी पिईल का? उसाच्या रसाचा मोठा ग्लासही तिथेच जातो. फळ चावून खाल्लं की चोथा पोटात जातो, साखर हळूहळू रक्तात उतरते. रस काढला की चोथा गेला आणि तीन संत्री दोन घोटांत संपली. पाकिटावर "नो ॲडेड शुगर" असलं तरी फळाची साखर आत असतेच.

जोशी काका: म्हणूनच म्हणतो, जांभळाची पूड.

मोरे वहिनी, बी-४०२: आणि गूळ घालून पन्हं? गुळानं काही होत नाही ना?

स्नेहल: होतं, वहिनी. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर सारखीच.

मोरे वहिनी: अरेरे. आमच्याकडे पाच किलोची ढेप आलीय.

पाटील नाना: मी पण या ग्रुपवर आहे, बरं का.

पाटील नाना: काल रस प्यायलो ते खरं. बर्फ नव्हता घातला. आधी मशीनवर १४२ होती, दोन तासांनी २३६. गपचूप नातवाच्या टेबलावर मोजली.

पाटील काकू: वा. मला सांगितलं "पट्ट्या संपल्या."

स्नेहल: नाना, मोजलंत हे उत्तम. आता हेच फळाच्या वाटीनंतर मोजा, तुमचं शरीरच सांगेल. गोळी कोणती चालू आहे?

पाटील नाना: मेटफॉर्मिन.

स्नेहल: फक्त तेवढीच असेल तर शुगर एकदम खाली जाणं क्वचितच. इन्सुलिनवाल्यांना किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर सुरू झाली आणि मशीनवर ७० च्या खाली दिसलं, तर तीन चमचे साखर पाण्यात आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तेव्हा साखर हेच औषध. "खाली जाईल" म्हणून रसवंतीवर बसायला परवानगी नाही.

जोशी काका: पूड कोणाला हवी असेल तर माझ्याकडे बरणीभर आहे.

स्नेहल: काका, साडूंनी गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद केल्या ना?

जोशी काका: विचारून सांगतो.

शेळके: काकू, चुकलं. पुढच्या वेळी तुमच्या घरी अर्धा किलोच पाठवतो, हातात देतो.

पाटील काकू: पाव किलो. आणि माझ्याच हातात.

पगार: क्रेट उचललंत, आभार. आता लिफ्टसमोर रिकामं खोकं आहे.