मदत हवी आहे: केमो चालू असताना आईने किती चालायचं?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, अर्धवट सांगितलं तर उत्तरं पण अर्धवट येतील. आई ५८ वर्षांची, नेरुळला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. डाव्या ब्रेस्टचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या, आता एसी केमो (दोन औषधांची मिळून) दर २१ दिवसांनी चालू आहे, चारातल्या दोन झाल्या, मग टॅक्सॉल (केमोचंच दुसरं औषध) दर आठवड्याला असे १२.

आई आधी रोज पहाटे ज्वेलला (इथलं तलावाकाठचं उद्यान, ज्वेल ऑफ नवी मुंबई) चालायला जायची, पाऊस असला तरी छत्री घेऊन. आता जो भेटायला येतो तो "फक्त आराम करा" सांगून जातो, मामी तर तिला पाण्याचा तांब्या पण उचलू देत नाही. पण पहिल्या केमोनंतर आठ दिवस झोपून राहिली तेव्हा बाथरूमला जाताना भिंत धरायला लागायची, आणि दुसऱ्या वेळी मी तिला गॅलरी ते किचन अशा फेऱ्या मारायला लावल्या, सकाळी १० मिनिटं संध्याकाळी १० मिनिटं, तर पाचव्या दिवशी तिने स्वतः उठून चहा टाकला. मला त्या दिवशी रडूच आलं. डॉक्टर म्हणाले झेपेल तेवढं चालू दे. पण झेपेल तेवढं म्हणजे किती हो? मागे एवढे पेशंट उभे होते की पुढे विचारलंच नाही.

गेल्या आठवड्यापासून जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर तिला दम लागतो, थांबावं लागतं. हा केमोचा थकवा की वेगळं काही? ज्वेलला कधीपासून न्यायचं? आणि डाव्या हाताने वजन उचललं तर हात सुजतो हे खरं का?

प्रतिसाद: ताई, मी वाशीची, हीच केमो घेतलीय. दम नवीन असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. हिमोग्लोबिन उतरलं तरी दम लागतो आणि एसीमधलं लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. छातीत दुखलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर चालणं वगैरे राहू दे, सरळ हॉस्पिटल गाठा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी कमी असतात, संसर्ग पटकन होतो, तेव्हा ज्वेलची गर्दी नको, गॅलरीच बरी. माझ्या फिजिओने खूण सांगितलेली, चालताना बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की बसायचं. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास आहे पण तिथपर्यंत हळूहळू जायचं, तुमची १०-१० मिनिटं अगदी बरोबर. हाताचं म्हणाल तर २००९ मध्ये अमेरिकेत हात आधीच सुजलेल्या बायकांनी देखरेखीखाली थोडं थोडं वजन वाढवत व्यायाम केला, सूज वाढली नाही. पण टाके आणि हात फिजिओला दाखवूनच सुरू करा. टॅक्सॉलने पाय बधिर होऊ शकतात, तेव्हा जिन्यात कठडा धरायला लावा.

धागाकर्ती: खूप खूप आभार ताई. आत्ताच फोन केला, उद्या सकाळी सीबीसी (रक्ततपासणी) आणि इको सांगितलंय. खाली उतरताना शेजारचे काका खुर्ची घेऊन दुसऱ्या मजल्यावर थांबणार आहेत, येताना तिथे बसवून मग वर आणेन. फिजिओची अपॉइंटमेंट पण उद्याच विचारते, आणि मामीला हा प्रतिसाद वाचून दाखवते.