देवधर परिवार, अमेरिका: मेधाला आलेली नोटीस

रविवार, 9 नोव्हेंबर 2025

मेधा (न्यू जर्सी): सर्वांना नमस्कार. रविवारी सकाळीच त्रास देत आहे, क्षमस्व. परंतु काल आलेल्या पत्रामुळे रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. कॅलिफोर्नियातील एका वकिलाने कळवले आहे की, त्याच्या अशिलाने माझ्या मेणबत्त्यांच्या वेबसाइटवरील चॅटमध्ये काही प्रश्न विचारला, तो मजकूर चॅटची सेवा देणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर गेला आणि म्हणून ते संभाषण चोरून ऐकण्यास मी मदत केली असे होते. एका उल्लंघनाला 5,000 डॉलर अशी रक्कम त्यात लिहिली आहे. हे चॅट मी मुद्दाम घेतलेलेही नव्हते, वेबसाइटच्या साच्याबरोबर ते फुकट आले होते. गेल्या नऊ महिन्यांत ते अकरा जणांनी वापरले आणि त्यांतील सात जण आपले पार्सल कुठे अडकले आहे एवढेच विचारत होते. ओंकारदादा, कॅलिफोर्नियाचा कायदा तुला लागूच होत नाही, असे तू मला गेल्या वर्षी सांगितले होतेस.

निखिल (कोलोरॅडो): लहानपणी ताई दाराआड उभी राहून काय काय ऐकत असे ते त्या वकिलाला कळवू नका, एवढीच विनंती.

ओंकार (टेक्सास): मी जे सांगितले ते आजही बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्या कायद्याबद्दल होते. ज्याची सगळीकडे चर्चा असते तो कॅलिफोर्नियाचा ग्राहक-गोपनीयता कायदा 2020 पासून लागू आहे. वार्षिक उलाढाल 2 कोटी 66 लाख 25 हजार डॉलरच्या वर गेली, किंवा कॅलिफोर्नियातील एक लाख लोकांची अथवा कुटुंबांची माहिती विकत घेतली, विकली वा पुरवली, किंवा निम्मे उत्पन्न अशी माहिती विकून वा पुरवून मिळाले, तरच तो लागू होतो. तुला आलेली नोटीस 1967 सालच्या, टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याविरुद्धच्या कायद्याखालची आहे. त्या काळी वेबसाइट नव्हत्या, त्यामुळे लहान धंद्याला सूट द्यावी असे कोणाच्या मनातही आले नसणार.

सुधीरकाका (इलिनॉय): माझे पहिल्यापासून एकच म्हणणे आहे. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे बाजूला सारून वॉशिंग्टनने एकच कायदा करावा, म्हणजे लहान धंदेवाईकाच्या मागची कटकट संपेल.

प्राची (कॅलिफोर्निया): काका, आपल्या मताचा आदर आहेच. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेपुरते राज्यांचे हात दहा वर्षे बांधून ठेवावेत, असा प्रस्ताव याच वर्षी आला होता आणि 1 जुलै रोजी सिनेटने तो 99 विरुद्ध 1 मतांनी काढून टाकला. तो मंजूर झाला असता तरी मेधाच्या नोटिशीवर काडीचाही परिणाम झाला नसता. मेधा, तू स्वतः त्या वकिलाला काहीही उत्तर देऊ नकोस. चॅट आजच बंद कर. मात्र त्यातील जुन्या नोंदी आणि वेबसाइटची आत्ताची मांडणी पुसू नकोस, त्यांची प्रत जपून ठेव. धंद्याचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळव आणि अशी प्रकरणे हाताळणारा कॅलिफोर्नियातील वकील गाठ.

मेधा: धन्यवाद, प्राचीताई. पण सगळ्यांच्याच वेबसाइटवर चॅट असते. मग नेमका मीच काय गुन्हा केला?

प्राची: तू काही वेगळे केलेले नाहीस, आणि मला तेच खटकते. अशी पत्रे असंख्य दुकानदारांना जातात आणि खटला लढवण्यापेक्षा काही हजार डॉलर देऊन मोकळे होणे स्वस्त पडते, यावरच तो सारा व्यवहार चालतो. धंद्याच्या नेहमीच्या कामासाठी केलेला वापर या कायद्यातून वगळावा, असे विधेयक आमच्या राज्याच्या सिनेटने यंदा एकमताने मंजूर केले. पण ते पुढे असेंब्लीत अडकून पडले आहे.

ओंकार: ज्यांच्या कंपन्या हीच चॅटची साधने तयार करतात, त्यांनी विकतानाच हा इशारा दिला असता तर बरे झाले असते, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

प्राची: मी पगार घेऊन काम करते, ओंकार, कंपनी माझी नाही. आणि इशाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर 2021 मध्ये मेधाची चौदा राज्यांत सेल्स टॅक्ससाठी नोंदणी कोणी करून दिली होती, हेही सांगावे.

मेधा: तो विषय नको होता, पण निघालाच आहे तर लिहिते. त्यांतील नऊ राज्यांत माझी विक्री जवळजवळ शून्य आहे, तरीही नोंदणी केली म्हणून शून्याचे रिटर्न वेळेवर भरावेच लागते. मेणबत्त्या ओतण्याइतकाच वेळ मी त्या फॉर्मांवर घालवते.

ओंकार: त्या वेळी तेच योग्य होते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेफेअर या ऑनलाइन फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात साउथ डकोटाच्या बाजूने निकाल दिला आणि ज्या राज्यात आपले दुकान नाही तेथेही कर गोळा करण्याचे बंधन आले. मूळ मर्यादा एक लाख डॉलरची विक्री किंवा 200 व्यवहार अशी होती. वीस डॉलरची मेणबत्ती विकणाऱ्याचे 200 व्यवहार अवघ्या 4,000 डॉलरमध्ये पूर्ण होतात, म्हणून मी सावध राहिलो. पुढे साउथ डकोटाने 2023 मध्ये ती 200 ची अट स्वतःच काढली आणि इलिनॉयमध्ये ती येत्या 1 जानेवारीपासून जात आहे. टेक्सासमध्ये मर्यादा पाच लाख डॉलरची आहे. नको असलेल्या नोंदण्या रद्द करता येतील. मी या महिन्यात बसून करून देतो.

मेधा: 'या महिन्यात' हे मी मार्चमध्येही ऐकले होते, दादा.

निखिल: आमच्याकडे डेन्व्हर, बोल्डर, ऑरोरा ही शहरेसुद्धा आपापला सेल्स टॅक्स स्वतः गोळा करतात. त्यामुळे चौदा राज्यांच्या दुःखाचे कौतुक मला कृपया सांगू नये.

सुधीरकाका: पुन्हा लिहितो. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे बाजूला सारून वॉशिंग्टनने एकच कायदा करावा, म्हणजे लहान धंदेवाईकाच्या मागची कटकट संपेल.

प्राची: काका, वॉशिंग्टनने कायदा केला तरी राज्यांचे कायदे आपोआप जात नाहीत, ते हटवत आहोत असे त्यात स्पष्ट लिहावे लागते आणि नेमक्या त्याच वाक्यावर दर वेळी घोडे अडते. शिवाय राज्याचा कायदा म्हणजे वाईटच, असेही नाही. टेक्सासने 2024 मध्ये लागू झालेल्या गोपनीयता कायद्यातून लहान धंद्यांना जवळजवळ पूर्ण सूट दिली. संवेदनशील माहिती विकायची झाल्यास संमती घ्या, एवढेच त्यांच्यावर बंधन आहे. निखिलच्या राज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यात पन्नासपेक्षा कमी नोकर असलेल्यांना बऱ्याच जबाबदाऱ्यांतून सवलत दिली, आणि त्याची अंमलबजावणीही ऑगस्टमध्ये पुढे ढकलून 30 जून 2026 वर नेली. ज्यांची आपण धास्ती घेतो त्या नव्या कायद्यांत लहानांसाठी दार ठेवलेले आहे. फास बसतो तो असे दार नसलेल्या जुन्या कायद्यांचा, आणि काका, तसा एक कायदा आपल्या इलिनॉयमध्येही आहे.

सुधीरकाका: आमच्या राज्यात मला वीस वर्षांत एकही नोटीस आलेली नाही.

शैलाकाकू (इलिनॉय): आपल्या मोटेलच्या लाँड्रीच्या दारापाशी भिंतीवर जे हजेरीचे यंत्र आहे, ज्यावर आपली चारही माणसे 2017 पासून येता-जाता बोट लावतात, त्याच्याबद्दल प्राची बोलते आहे का?

प्राची: होय काकू. इलिनॉयचा 2008 चा कायदा नेमका त्यासाठीच आहे. बोटाचा ठसा का घेतो आणि किती दिवस ठेवतो हे लेखी कळवावे लागते, प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी लागते, आणि ठसे केव्हा नष्ट करणार याचे धोरण जाहीर करावे लागते. धंदा लहान आहे म्हणून यात सूट नाही. निष्काळजीपणा असेल तर 1,000 डॉलर आणि जाणूनबुजून असेल तर 5,000. कामगाराचे प्रत्यक्ष नुकसान झाले नसले तरी तो दावा लावू शकतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले. 2023 मध्ये तर प्रत्येक वेळी लावलेले बोट हे स्वतंत्र उल्लंघन धरले गेले होते. 2024 च्या दुरुस्तीने ते माणशी एकावर आणले, हे नशीब समजा.

सुधीरकाका: ते यंत्र आम्ही वापरत नाही.

शैलाकाकू: गेल्या गुरुवारपासून त्याच्यावर टॉवेल टाकलेला आहे, इतकेच. त्यामागचा दिवा अजून लुकलुकत असतो.

निखिल: दार नसले तर निदान टॉवेल तरी आहे.

ओंकार: काका, दावा लावण्याची मुदत पाच वर्षांची आहे, त्यामुळे टॉवेलने मागचे काही झाकले जात नाही. ठसे त्या यंत्राच्या कंपनीकडेही साठवलेले असतील, तेही विचारून घ्यावे लागेल.

सुधीरकाका: आपला सल्ला मी मागितलेला नव्हता. तुमच्या सगळ्यांच्या माहितीसाठी पुन्हा एकदा: पन्नास राज्यांचे पन्नास कायदे बाजूला सारून वॉशिंग्टनने एकच कायदा करावा.

मेधा: चॅट काढले, नोंदींची प्रत ठेवली, विमा कंपनीलाही कळवले आहे. वकिलाशी मंगळवारी बोलणे होईल. दादा, नोंदण्यांचे आज संध्याकाळीच करू या का? मी फोन हातात घेऊनच बसते.

ओंकार: सात वाजता, तुझ्या वेळेप्रमाणे.

सुधीरकाका: ओंकार, त्या संमतीपत्राचा आणि ठसे नष्ट करण्याच्या धोरणाचा नमुना तुझ्याकडे असेल तर मला पाठव. गटावर नको, वेगळा पाठव.

निखिल: काका, आपण हे गटावरच लिहिले आहे.

सुधीरकाका: बरे. चार प्रती पाठव.