मदत हवी आहे: जुन्या जर्मन ग्लायडरची यादी कोणत्या नंबरने लावू?

मी मॉडेलसाठी जमवलेल्या जर्मन ग्लायडरच्या ड्रॉइंगची एक्सेल शीट करतोय आणि नावांपाशी अडकलोय. एकाच विमानाची दोन नावं, एका शीटच्या कोपऱ्यात 'ग्रुनाऊ बेबी २ बी' लिहिलंय तर दुसऱ्या शीटवर तेच विमान 'डीएफएस १०८-४९', आणि मूळ डिझाइन एडमुंड श्नायडरचं, डीएफएस या जर्मन ग्लायडर संशोधन संस्थेचं नाहीच, म्हणजे पुढच्या अक्षरांवरून डिझायनर धरता येत नाही.

आधी वाटलं १०८ नंतरचा आकडा वर्षाप्रमाणे चढत असेल, म्हणून तसं सॉर्ट करून पाहिलं, पण एसजी ३८ (१०८-१४) आणि वाइहे (१०८-६८) दोन्ही १९३८ चे, मग हिशोब बसेना. डिझायनरप्रमाणे लावलं तर विद्यार्थी गटांनी बनवलेले ग्लायडर लटकतात, १९२१ च्या हानोफरच्या वाम्पिरला तर हा नंबरच नाही.

मला जर्मन जेमतेम येतं, फक्त १९४५ पर्यंतचे ग्लायडर हवेत, मालवाहू नकोत.

तर जाणकारांनो, १०८ चा नंबर अख्ख्या टाइपला द्यायचे की बेबी २ बी सारख्या प्रत्येक व्हेरियंटला वेगळा? आणि त्याआधीच्या ग्लायडरना यादीत मुख्य ओळख म्हणून काय धरू, बनवणारा गट की डिझायनर?