घोटा मुरगळला, एक्स-रेत ‘काही नाही’ : तुमचे अनुभव सांगा

शहापूरकर (धागाकर्ता), बेळगाव

नवरात्रात दुर्गामाता दौडीत चौथ्या पहाटे माझा डावा पाय गेला. अनवाणी होतो. शहापुरातल्या एका गल्लीत दारापुढं सडा-रांगोळी झालेली, ओली फरशी, आणि पाऊल आतल्या बाजूला वळलं. ‘कट्’ आवाज माझा मलाच ऐकू आला. चारचौघांत बसायची लाज, म्हणून तसाच लंगडत पुढं गेलो. दहा वाजेपर्यंत घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अर्ध्या लिंबाएवढी सूज.

दवाखान्यात सत्ताविसावा नंबर. डॉक्टरांनी दुखत होतं तिथं आधी हात लावलाच नाही. घोट्याच्या हाडाची मागची कड खालून वर बोटानं दाबत गेले, मग पावलाची बाहेरची कड. “चार पावलं चालून दाखवा.” दोन टाकली आणि स्टुलावर बसलो. मग एक्स-रे. हाडावर दाबून दुखलं नाही आणि चार पावलं टाकता आली, तर बहुतेक वेळा एक्स-रेची गरज नसते म्हणे. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये बसवलेला हा नियम, ऑटावा नियम म्हणतात.

फिल्म उजेडावर धरून ते म्हणाले, “फ्रॅक्चर काही नाही.” मी त्यातलं ‘काही नाही’ तेवढं घेऊन घरी आलो. लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) अर्धवट फाटलंय आणि ते एक्स-रेत दिसत नाही, हे पुढचं वाक्य कानावरून गेलं. घरात एकच पालुपद : “काही नाही ना, मग चल की!” चाललो. आता पाच आठवडे झाले, दिवाळी झाली, जिना उतरताना पाय अजून दगा देतो.

तुमचं काय झालं? ‘काही नाही’च्या पुढचं सांगा.

लावणीवाला, खानापूर

आमच्याकडं क्रम ठरलेला. आधी आंबेहळद आणि तुरटीचा ऊन-ऊन लेप, मग पायाळू माणूस. आमची मामी पायाळू, गावभरच्या उसणी-लचकी तिच्याकडं. भात लावणीत बांधावरून पाय घसरला, तर तिनं तीन वेळा पाय लावला आणि वर काकानं तेल लावून खसाखसा चोळलं. रात्री घोटा ढबू मिरचीसारखा फुगला.

तिसऱ्या दिवशी बसनं बेळगावला. नर्सबाई स्पिरिटच्या बोळ्यानं हळद पुसतायत, बोळे संपतायत, टेबलावरची चादर पिवळी. डॉक्टर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “निळं कुठं, काळं कुठं, मला दिसू दे तरी.” पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं दोन्ही बंद, आतला रक्तस्राव वाढतो. मामीनं पाय लावल्यानं काय वाढतं, ते मी विचारलं नाही. घरी जायचं होतं.

निपाणीकरीण

क्रेप बँडेज वरून खाली गुंडाळलं मी. तासाभरात बोटं जांभळी. बोटांच्या मुळापासून सुरू करून वर यायचं, आणि बोटं मुंग्यांनी भरली की लगेच सोडून परत बांधायचं. बस, एवढंच सांगायचं होतं.

कडोलीची

शहापूरकर, तुमच्या डॉक्टरांनी पावलाची बाहेरची कड दाबली, नशीब समजा. माझी कुणी दाबली नाही. चुलतबहिणीच्या लग्नात उंच टाचेच्या चपला घालून मांडवाच्या पायरीवरून पडले. पहिल्या ठिकाणी खुर्चीवरूनच बघितलं, “मुरगळलाय”, गोळ्या, मलम. दहा दिवस घोट्याला बाइंडर लावून हिंडले. दुखत होतं चार बोटं पुढं, करंगळीच्या बाजूला. दुसऱ्या डॉक्टरांनी तिथं अंगठा ठेवला आणि मी किंचाळले. करंगळीकडं जाणाऱ्या लांब हाडाचं मागचं टोक तुटलेलं. पाय आत वळला की तिथं चिकटलेला स्नायूबंध हाडाला ओढतो, त्यात टोक निघतं. सहा आठवडे बूट. दुखतंय ते नेमकं ठिकाण बोट ठेवून दाखवा, ‘इथं सगळं’ म्हणू नका. मी तेच म्हटलं होतं.

बाबांचा ड्रायव्हर

बोट ठेवण्यावरून आठवलं. बाबा चिकोडीला पडले. वय एकाहत्तर. तिथल्या तरुण डॉक्टरांना मराठी जेमतेम आणि बाबांचं कन्नड बाजारापुरतं. डॉक्टर दाबत विचारतायत, “नोवु?” बाबा मोठ्या ऐटीत, “नोवु इल्ला, नोवु इल्ला!” म्हणजे दुखत नाही. डॉक्टर खूश, पुढं दाबतायत, बाबांचे डोळे पाण्यानं भरलेले. मी मोबाईलमधून मान वर केली तेव्हा उलगडलं. बाबांना म्हणायचं होतं ‘इल्ली’, म्हणजे इथं. एका मात्रेसाठी म्हाताऱ्यानं केवढं सोसलं! पाय मुरगळल्याला कन्नडमध्ये ‘उळुकु’ म्हणतात, एवढा शब्द पाठ करून ठेवा. बाकी निम्म्या बेळगावात मराठीवर भागतं.

दोन पोरांची आई, हिंडलगा

मुलांचं गणित वेगळं. माझा अकरा वर्षांचा. मला वाटलं लचक. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते, ती लिगामेंटपेक्षा कच्ची, आधी तीच दुखावते, आणि एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही. हाडावरच दुखतंय म्हणून तीन आठवडे प्लास्टर घातलं. पोरानं त्यावर सगळ्या क्रिकेट टीमच्या सह्या घेतल्या.

खो-खोवाला

शहापूरकर, पाय अजून दगा का देतो, याचं उत्तर माझ्याकडं आहे, कारण माझा तोच पाय तीनदा गेलाय. दोनदा सूज उतरली की मैदानात. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी फिजिओकडं ढकललं. ती म्हणाली, पाय किती वळलाय ही खबर मेंदूला लिगामेंटमधून जाते. ते फाटलं की खबर उशिरा पोचते, तोवर तुम्ही खाली. म्हणून दुखणं थांबलं तरी ही खबरबात परत शिकवावी लागते. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची.

आणि बसल्या-बसल्या पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची. ती म्हणाली एबीसीडी. मी म्हटलं बाराखडी काढतो. ती धारवाडची, तिनं स्वतःच्या पायानं कन्नड अक्षरं काढून दाखवली आणि म्हणाली, “आमची गोल आहेत, घोटा जास्त फिरतो.” खरंच फिरतो. सीमाप्रश्नात मी एवढ्यापुरता हरलो.

बर्फावरून इथं वाद होणार, म्हणून आधीच सांगतो. विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच, ही इंग्रजीतली ‘राइस’ची चौकडी डॉ. गेब मिरकिन यांनी १९७८ मध्ये रूढ केली, आणि बर्फाबद्दलचं मत पुढं त्यांनीच बदललं. ठणका कमी व्हायला मी लावतो. फडक्यात गुंडाळून, पंधरा मिनिटं. नुसता लावून कातडी भाजलेला मित्र आहे माझा.

शहापूरकर (धागाकर्ता)

सगळ्यांना धन्यवाद. मामींना नमस्कार. परवा परत दवाखान्यात जाऊन ते दुसरं वाक्य नीट ऐकून आलो, फिजिओची चिठ्ठी घेतली. उजव्या पायावर मजेत मिनिटभर उभा राहतो, डाव्यावर अठरा आकडे मोजले की बेसिन धरावं लागतं. शाळेत कन्नड होतं, त्यामुळं ती अक्षरं निघतात, दुखत नाहीत. बाराखडीही ठीक. फक्त ‘ळ’ काढताना बाहेरून ओढ बसते अजून.