एमजीबीच्या विशबोनला ॲल्युमिनियम? माझा ठाम विरोध

किंगपिन (बर्मिंगहॅम)
मागच्या आठवड्यात ‘हलका_पाय’ यांनी लिहिलं की जुन्या एमजीबीला, म्हणजे आपल्या या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, अजून पोलादी विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारे आर्म) ठेवणं हा निव्वळ हळवेपणा आहे. बिलेट (अख्ख्या ठोकळ्यातून कापून काढलेल्या) ॲल्युमिनियमचे आर्म टाका, वजन निम्मं होतं, गाडी ओळखू येत नाही. खाली लगेच "कुठे मिळतात, केवढ्याला" सुरू झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वजन. विशबोनचं आतलं टोक क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) धरलेलं असतं, चाकाबरोबर वरखाली होतं ते बाहेरचं. त्यामुळे आर्ममधला एक किलो कमी केला तर त्यातला फार तर अर्धा चाकाच्या खात्यावर जमा होतो. वजन कमी करायचंय ना? मग तारांची चाकं काढा आणि हलकी अलॉय लावा. तिथे ॲल्युमिनियम शोभतं. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांना बॉनेटसुद्धा ॲल्युमिनियमचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बॉनेटला तडा गेला म्हणून कोणी मरत नाही.

आणि ‘निम्मं’ कुठून आलं? घनता ॲल्युमिनियमची २.७, पोलादाची ७.८५, हे खरं. पण ताठरपणाही ७० विरुद्ध २०० गिगापास्कल आहे. तेवढाच ताठ आर्म हवा तर जाडी वाढवावी लागते, आणि जाडीला तिथे जागा किती असते ते खाली झोपून काम केलेल्याला ठाऊक आहे.

खरा मुद्दा थकव्याचा, म्हणजे पुन्हापुन्हा ताण येऊन धातू कमजोर होण्याचा. पोलाद एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, प्रत्येक खड्ड्याचा हिशोब ते लिहून ठेवतं. तीन हिवाळ्यांपूर्वी पावसाने भरलेल्या खड्ड्यात माझं डावं चाक आदळलं. स्टीअरिंग डावीकडे ओढायला लागलं, चाक वरून बाहेर झुकलेलं दिसत होतं. वीसच्या वेगाने घरी आलो. आर्म काढून पट्टीला लावला तर मध्ये बोट जाईल एवढी फट. वाकला, पण तुटला नाही. पोलाद आधी सांगतं. शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसली होती. मला एवढंच पुरे आहे.

लोटसवाल्यांनी १९९६ मध्ये एलिस या स्पोर्ट्स कारची अख्खी चासी ॲल्युमिनियमची केली, तीही चिकटवून. विशबोन मात्र पोलादी ठेवले. ते काय हळवे होते?

हलका_पाय (ब्रिस्टल)
किंगपिनसाहेब, माझं नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो.

आजच्या कितीतरी रोजच्या गाड्यांना फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) ॲल्युमिनियमचे आर्म असतात आणि त्या दीड-दोन लाख किलोमीटर निमूट पळतात. थकवा त्यांना लागत नाही का? लागतो, पण ताण कमी राहील अशी जाडी आणि आकार ठरवूनच ते आर्म घडवलेले असतात.

"पोलाद आधी सांगतं" म्हणता. मी २०१९ मध्ये गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने ‘नुकतीच रिस्टोअर केलेली’ म्हणून दिली. खालून चकचकीत काळा रंग होता. स्प्रिंग पॅनला (स्प्रिंग ज्यात बसते त्या पोलादी थाळीला) स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. पॅनच्या तळाशी वर्षानुवर्षं ओला चिखल बसलेला, वरून रंगाचा पापुद्रा. त्या पोलादाने मला काय सांगितलं? मी त्याच गाडीतून बायकोला घेऊन वेल्सला जाऊन आलो होतो! त्या दिवसापासून माझा गंजणाऱ्या धातूवर विश्वास नाही, आणि तो ठेवा असं मला कोणी सांगू नये.

कॉव्हेंट्रीची_काकू
आर्म कसलाही लावा हो, पण तो बघतंय कोण? एमजीबीचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी (ब्रिटनमधली सक्तीची वार्षिक तपासणी) माफ. म्हणजे आज जवळजवळ एकही एमजीबी सक्तीने तपासली जात नाही. मालकाने फॉर्मवर सही केली की झालं. मला हे भयंकर वाटतं. मी अजून दरवर्षी स्वतःहून गाडी तपासायला नेते.

किंगपिन
काकू, त्यात अजून एक मेख आहे. गेल्या तीस वर्षांत गाडीत ‘मोठा बदल’ केला असेल तर माफी मिळत नाही, आणि सस्पेन्शनचा प्रकार बदलणं त्यात मोडतं. बिलेटवाल्यांनी हे वाचलंय का?

हलका_पाय
वाचलंय, आणि पूर्ण वाचलंय. प्रकार किंवा पद्धत बदलली तर. विशबोनच्या जागी विशबोनच असेल तर पद्धत कुठे बदलली? शिवाय सुरक्षिततेसाठी केलेला बदल त्यातून वगळलाय. अर्धवट नियम सांगून लोकांना घाबरवू नका.

किंगपिन
सुरक्षिततेसाठी! उद्या अपघात झाला तर हे विमा कंपनीच्या माणसाला पटवून दाखवा. मालकच परीक्षार्थी आणि मालकच परीक्षक!

कॉव्हेंट्रीची_काकू
भांडू नका. पण मालक म्हणून तुम्ही दोघे वर्षातून किती वेळा गाडीखाली जाता, ते तरी सांगा. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी माफी मिळाल्यापासून किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला, इथल्या साहेबांना नव्हे) ग्रीसगन लावलेली नाही. तपासणीच नाही, तर कशाला लावू, म्हणतात. मागच्या महिन्यात मीच त्यांचं पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, तर खडखड वाजलं. एमओटीवाल्याने गाडी दारातूनच परत पाठवली असती. माझे यजमान असेच ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणायचे. एम६ मोटरवेवर ब्रेकचा पाइप फुटला तेव्हा मी शेजारी बसले होते. माफी रद्द व्हावी असं मला मनापासून वाटतं, कोणाला राग आला तरी.

हलका_पाय
काकू, इथे मात्र मी तुमच्या बाजूने.

भोसरीकर
एमजीबीला आयुष्यात हात लावलेला नाही, पण फोर्जिंगमध्ये बावीस वर्षं काढली, म्हणून बोलतो.

दोघेही ‘ॲल्युमिनियम’ म्हणताय, पण फोर्जिंग वेगळं आणि बिलेट वेगळं. फोर्जिंगमध्ये धातूचे तंतू आर्मच्या आकाराबरोबर वळतात. बिलेटमध्ये वळणावर ते कापले जातात. हलका_पाय, तुम्ही उदाहरण फोर्ज्डचं देता आणि विकत बिलेट घेता. हे बरोबर नाही. आणि किंगपिनदादा, बिलेट वाईटच असतं असंही नाही. नीट आकार दिलेला, कोपरे गोल राखलेला असेल तर टिकतो.

पण ज्याची मला भीती वाटते ते कोणी लिहिलंच नाही. बुश (आर्मच्या टोकातली पुंगळी) अडकला की मेकॅनिक गॅसचा टॉर्च मारून तापवतो. पोलाद लाल होतं, हात आपोआप थांबतो. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. टी६ आर्मला भट्टीत १७५ अंशांच्या आसपास तासन् तास ठेवून ताकद आणलेली असते. त्यावर दोन मिनिटं ज्योत धरली की त्या जागी ती ताकद गेली, आणि आर्म दिसायला होता तसाच. बाहेरून एक ओरखडाही नाही. आमच्याकडे असा तुकडा बाजूला काढून लाल रंग फासतात, कोणी चुकून वापरू नये म्हणून.

हलका_पाय
हे माहीत नव्हतं. पण मी टॉर्च मारलेला नाही.

किंगपिन
बोल्ट कुठले लावलेत?

हलका_पाय
स्टेनलेस. का?

किंगपिन
आणि गाडी हिवाळ्यात चालवता? बर्फासाठी टाकलेलं विन्सफर्डच्या खाणीतलं मीठ रस्त्यावर असताना?

हलका_पाय
दोन वर्षं चालवली. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते, ब्रशने काढतो.

भोसरीकर
ती भुकटी म्हणजे तुमचा आर्मच आहे. स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि खारट पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. भोकाच्या कडेला खड्डे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. आर्म काढा, धुवा, डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) मारा. लाल रंग दहा मिनिटं मुरू द्या, पुसा, मग पांढरा डेव्हलपर. लाल रेघ उमटली तर तो आर्म गाडीला परत लावू नका.

हलका_पाय
शनिवारी काढतो. भोसरीकर, आभार. किंगपिन, भुकटीबद्दल तुमचा प्रश्न बरोबर होता, मान्य. बाकी काहीच मान्य नाही. रेघ नसेल तर हेच आर्म परत लावणार, बोल्टला झिंक आणि मध्ये वॉशर घालून.

किंगपिन
लावा, पण फोटो टाका. दोन्ही बाजूंचे, भोकाच्या आतल्या कडेसकट. मीही स्प्रिंग पॅन काढून आतून बघतो. त्या स्क्रूड्रायव्हरच्या गोष्टीपासून स्वस्थ बसवत नाहीये.

कॉव्हेंट्रीची_काकू
आणि दोघांनी किंगपिनला ग्रीस मारा. एका बाजूला तीन निपल (ग्रीस भरायची तोंडं) आहेत, तिन्हींना.