उत्तर: उत्तर: उत्तर: लेटरहेड कोणाकडे आहे?

प्रेषक: प्रसाद
मंडळी, मंडळाचं लेटरहेड सध्या कोणाकडे आहे? आईच्या रात्रपाळीच्या सिस्टरचं डेझी पुरस्कारासाठी (चांगल्या नर्सला हॉस्पिटलतर्फे देतात तो) नाव सुचवतोय. मंडळाकडून पत्र गेलं तर वजन पडेल. 6 मेपासून नर्सेस वीक सुरू होतो, त्याआधी पाठवायचंय. आई घरी आली, वॉकरवर चालतेय. डबे आता पुरेत, फ्रीजमध्ये खरंच जागा नाही.

प्रेषक: मेधा (सचिव)
आई घरी आल्या, छान झालं. लेटरहेड माझ्याकडे आहे, पण पार्किंगच्या पत्रावरून जे रामायण झालं त्यानंतर ठरावाशिवाय ते वापरायचं नाही असं ठरलंय. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेते.

प्रेषक: शिरीषकाका
चांगल्या कामाला ठराव कसले मागता? महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात त्या मुलीला बोलवा, शाल-श्रीफळ द्या, वर एक गिफ्ट कार्ड. आणि पत्र एकच का? प्रत्येक घरातून एक फॉर्म जाऊ दे. चाळीस फॉर्म पडले की हॉस्पिटलवाले नाही म्हणणार नाहीत. मी अध्यक्ष असताना फायर स्टेशनवाल्यांचा सत्कार असाच दणक्यात केला होता, विचारा कोणालाही.

प्रेषक: नितीन (खजिनदार)
गिफ्ट कार्ड कोणत्या हेडखाली टाकायचं? सत्काराचे पैसे दिवाळी पहाटच्या तबलजींच्या तिकिटात गेले, तेव्हा कोणी काही बोललं नाही. माझ्या गराजमध्ये दोन शाली पडून आहेत. एकीला कसर लागलीय.

प्रेषक: अंजली
मी याच कामात आहे आणि आमच्याकडच्या डेझी कमिटीवर बसते, म्हणून जरा लांबण लावते.

शिरीषकाका, ही निवडणूक नाही, फॉर्म मोजत नाहीत. आमच्याकडे वाचायला येतं तेव्हा नर्सचं नाव, वॉर्ड, लिहिणाऱ्याचं नाव सगळं झाकलेलं असतं. हाती राहते फक्त हकीकत. तेव्हा लेटरहेडवर गणपती असला काय नि नसला काय. गिफ्ट कार्ड तर मुळीच नको. पेशंटकडून पैसे किंवा पैशासारखं काही घेतलं तर तिचीच चौकशी होईल.

प्रसाद, ती आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, होती की मदतनीस? बिल्ल्यावर बघितलंस का? हा पुरस्कार नर्सचा आहे, मदतनिसांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो. आयव्हीतून औषध देत असेल, डॉक्टरला फोन करून ऑर्डर बदलून घेत असेल तर बहुधा आरएनच. आडनाव नसलं तरी चालतं. पहिलं नाव, मजला आणि रात्रीची तारीख दिलीस की ते शोधून काढतात.

आणि कृपा करून ‘प्रेमळ, हसतमुख, देवासारखी’ असं लिहू नकोस. तसले ढीगभर येतात. तिने काय केलं ते लिही. आईंना विचारूनच लिही, कारण निवड झाली तर हकीकत वॉर्डात सगळ्यांसमोर वाचतात. पॅट्रिक बार्न्स नावाचा 33 वर्षांचा माणूस 1999 मध्ये आयटीपीने (रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होण्याचा आजार) गेला. घरच्यांच्या लक्षात राहिल्या त्या त्याच्या नर्सेस, त्यातून हे सुरू झालं. म्हणून तर सोबत सिनॅमन रोल वाटतात. जेवण जात नव्हतं तेव्हा वडिलांच्या हातातला रोल त्याला आवडला आणि उद्या नर्सेसनाही आणा म्हणाला.

प्रेषक: वृंदा
सिनॅमन रोल?! त्यापेक्षा मी पुरणपोळ्या करून देते की. वॉर्डात साधारण किती जणी असतात?

प्रेषक: प्रसाद
आरएनच होती, बिल्ल्यावर मोठ्या अक्षरात होतं. असं लिहिलंय, बघा:

‘आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दुखणं शून्य ते दहात किती, असं कोणीही विचारलं की ती “बरं आहे” म्हणायची. दुभाषी फोनवर “शून्य” सांगायचा आणि तेच लिहिलं जायचं. या सिस्टरने कूस बदलताना आईची बोटं पलंगाच्या कठड्यावर पांढरी पडलेली पाहिली. तिने डॉक्टरला फोन केला. सकाळी बघू म्हणाले. अर्ध्या तासाने परत केला, मग त्यांच्या वरच्यांना केला. शेवटी भूलतज्ज्ञ येऊन ब्लॉक, म्हणजे तो भाग बधिर करणारं इंजेक्शन, देऊन गेले. पुढच्या रात्री आई भ्रमात सलाइन ओढायला लागली. हात बांधायची गोष्ट निघाली, तेव्हा ही म्हणाली, थांबा. ड्रॉवरमधून आईचं कानातलं मशीन काढलं, बॅटरी बदलली, चष्मा लावला, दिवा लावला, मला फोन करून आईच्या कानाशी धरला.’

अंजली, मी फोनवर काय बोललो तेही लिहू का? रामरक्षा म्हटली.

प्रेषक: शिरीषकाका
वाचलं. आमच्या परळची आठवण झाली. केईएमच्या सिस्टरांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्याच सहकारी नर्सला, अरुणा शानबागला, 2015 पर्यंत, 42 वर्षं सांभाळलं, पाळ्या बदलल्या, पिढ्या बदलल्या. सुप्रीम कोर्टाने 2011 च्या निकालात त्यांचं कौतुक केलं ते उगाच नाही. पण निदान शाल तरी द्याच.

प्रेषक: मेधा (सचिव)
म्हणजे आता लेटरहेड लागणार नाही ना? अजेंड्यावरून काढते. आणि पुढच्या वेळी पेशंटच्या मदतीचे विषय आधी ज्येष्ठ कट्ट्याच्या लिस्टवर टाका, नाहीतर त्यांना डावललं असं होतं.

प्रेषक: अंजली
रामरक्षा ठेव, एका ओळीत. ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं नाव घालू नकोस. वरच्यांना केलेला फोन मात्र अजिबात गाळू नकोस. नव्या नर्सला तो फोन करताना पोटात गोळा येतो. आणि मॅनेजरला वेगळा ईमेल टाक. पुरस्कार मिळो न मिळो, तो तिच्या फाइलला लागतो.

वृंदा, घरचं अन्न काही वॉर्डांत चालत नाही. आधी फोन करून विचार.

प्रेषक: वृंदा
विचारलं. घटकपदार्थांची यादी लावलेली, दुकानातली पाकिटं चालतील म्हणाले. भाकरवडी नेते. प्रसाद, जाताना मला घे, त्या पार्किंगमध्ये मी परत एकटी जाणार नाही.

प्रेषक: नितीन (खजिनदार)
भाकरवडीची पावती द्या, नाहीतर हिशेबात धरणार नाही.