कोरम भरला, पण कोणी भरला?

औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांना मंजुरी देणारी नैतिकता समिती स्थापन केल्यावर कोणी विचारेल, ‘७ सदस्य नेमले, नोंदणी झाली, आता अडचण कसली?’ अडचण बैठकीच्या दिवशी येते. भारतातल्या २०१९च्या नियमांप्रमाणे औषधांच्या चाचण्यांसाठीच्या नैतिकता समितीत किमान निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे लागतात, अध्यक्षही बाहेरचाच. कोरम (बैठक वैध ठरायला लागणारी किमान हजेरी) ५ जणांचा, पण नुसती डोकी मोजून चालत नाही: वैद्यकीय शास्त्रज्ञ, क्लिनिशियन (रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर), कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, आणि सामान्य नागरिक असे पाचही हवेत. वकीलसाहेब कोर्टात अडकले आणि त्यांची सही दुसऱ्या दिवशी घेतली, तर तो कोरम नव्हेच. चहानंतर कोणी उठून गेलं तरी तेच. म्हणून इतिवृत्तात येण्या-जाण्याची वेळ लिहा.

खरा घोळ चाचणीत भाग घेणाऱ्याच्या संमतीपत्रात असतो. इंग्रजीवरून केलेलं मराठी इतकं जड, की ‘यादृच्छिकीकरण’ वाचून डॉक्टरही थबकावा. ‘कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल’ असं लिहा आणि समितीतल्या सामान्य नागरिकाला ते मोठ्यानं वाचायला लावा. तो अडखळला की मसुदा परत. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना साक्षीदार निःपक्ष हवा आणि समजावून सांगताना पूर्ण वेळ हजर हवा. संशोधकाच्याच हाताखालची नर्स शेवटी येऊन सही करते, ती साक्ष कसली?

आणि मंजुरीनंतर फाइल मिटू नका. गंभीर दुष्परिणाम संशोधकाने २४ तासांत समितीला कळवायचा असतो. शुक्रवारी रात्री तो ईमेल कोण उघडणार, हे समितीच्या लेखी कार्यपद्धतीत नावानिशी लिहिलेलं हवं.